मावशीचा अंगठा नक्की किती अंश वाकडा?

मावशीच्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी गाठ आलीये, घरात सगळे म्हणतात हाड वाढलंय, आणि तुळशीबागेतनं आणलेली प्रत्येक चप्पल तिथेच उसवते. डॉक्टर म्हणाले 'बनियन', तर काकांनी लगेच स्वतःच्या अंगातला दाखवला, असो.

खरं म्हणजे यात हाड वाढण्यापेक्षा सरकलेलंच जास्त असतं. तळव्यातलं अंगठ्याचं लांब हाड दुसऱ्या पायाकडे कलतं, अंगठा उलट शेजारच्या बोटाकडे, आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. उभं करून काढलेल्या एक्सरेवर मुख्य दोन कोन मोजतात: अंगठा आणि त्याचं लांब हाड यांच्यातला, जो १५ अंशांच्या आत हवा, आणि पहिल्या-दुसऱ्या लांब हाडांमधली फाक, ती साधारण ९ च्या आत.

गंमत ऑपरेशन सुरू झालं की होते. अंगठ्याला शेजारच्या बोटाकडे ओढून धरणारा स्नायू आधी सोडवतात, त्याने अंगठा थोडा सरळ होतो पण फाक फारशी मिटत नाही. मग गाठ तासायची. मावशीला वाटत होतं एवढंच केलं की झालं, पण तासल्याने हाड जागचं हलतच नाही, फक्त त्याच्या डोक्याचा, म्हणजे अंगठ्याकडच्या टोकाचा, मध्य आपण जिथे धरतो तो बिंदू सरकतो, म्हणजे त्या बिंदूतनं रेघ मारली तर कोन कागदावर सुधारतो आणि पाय मात्र आहे तस्साच!

मग शेव्हरॉन, म्हणजे हाड इंग्रजी व्ही आकारात कापून त्याचं डोकं काही मिलिमीटर सरकवायचं, ढोबळ हिशोब असा की १ मिलिमीटरला फाक १ अंशाने कमी. इथे मला सगळ्यात मजा वाटते, कारण डोक्यामागचा हाडाचा दांडा हललेलाच नसतो, त्यामुळे दांड्याच्या मधून रेघ मारा, जुनाच कोन येईल, डोक्याच्या मध्यातनं मारा, नवा येईल, एक्सरे तोच! लॅपिडस या सर्जनच्या १९३४ च्या पद्धतीत लांब हाडाच्या बुडाचा सांधा जुळवून अख्खं हाडच फिरवतात, तिथे ही भानगड नाही. एकिन या सर्जनची पद्धत १९२५ ची, त्यात अंगठ्याच्याच हाडातनं छोटी पाचर काढतात, अंगठा दिसायला सरळ, फाक मात्र जिथल्या तिथे.

आणि हे सगळं पेशंट आडवा असताना, पायावर वजन शून्य. म्हणून सर्जन तळव्याला सपाट पाटी दाबून, उभं असल्याची नक्कल करून सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन टेबलापाशी लावलेल्या एक्सरे यंत्रावर, बघतात. तरी नक्कल ती नक्कलच.

मावशी ऑपरेशननंतर एक्सरेसाठी उभी राहिली तर फाक टेबलावरच्यापेक्षा २ अंश जास्त. तिने तिथेच विचारलं, "मग मला आडवीच ठेवायची होती ना?"