आपला कोण, हे कोणी ठरवलं?

1870 मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्यांतलं बलाढ्य प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं, आणि तोफा चालू असतानाच दोन इतिहासकारांची जाहीर पत्रांतून जुंपली. बर्लिनचे थिओडोर मॉमसेन यांचं म्हणणं असं, की फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या अल्सेस प्रांताचे लोक जर्मन बोली बोलतात, मुळात जर्मनच आहेत, तेव्हा तो प्रांत जर्मनीत यायला हवा. फ्युस्टेल द कुलांज यांनी ऑक्टोबरात फ्रान्सकडून उत्तर दिलं. वंशावरून किंवा भाषेवरून राष्ट्र ठरत नाही, अल्सेसचा माणूस रक्ताने जर्मन असेलही, पण आपला देश म्हणून तो फ्रान्सकडे पाहतो आणि तेवढं पुरेसं आहे, असा त्यांचा मुद्दा. राष्ट्रवादावर पुढे दीडशे वर्षं जे वाद झाले, त्यांचा गाभा या दोन पत्रांत आहे.

त्यावरून पुढे एक सोपी मांडणी रूढ झाली: फ्रान्सचा राष्ट्रवाद नागरिकत्वाचा, जर्मनीचा रक्ताचा. ही विभागणी परीक्षेत लिहायला बरी आहे. इतिहास मात्र तिला फारशी साथ देत नाही.

फ्रान्सचंच बघा. 1789 च्या क्रांतीने सार्वभौमत्व राजाकडून काढून राष्ट्राकडे दिलं. पण हे राष्ट्र म्हणजे नेमके कोण? आबे ग्रेग्वार यांनी 1794 मध्ये क्रांतीच्या संसदेपुढे अहवाल ठेवला, त्यात निदान साठ लाख फ्रेंच लोकांना फ्रेंच अजिबात येत नसल्याचं म्हटलं होतं. शुद्ध फ्रेंच बोलणारे जेमतेम तीस लाख. बाकीचे ब्रेतॉन, बास्क, ऑक्सितां आणि अर्थात अल्सेसची जर्मन बोलणारे. ग्रेग्वार यांचा उपाय सरळ होता: या बोली संपवा. म्हणजे ज्या क्रांतीने माणसाला जन्माच्या बंधनातून सोडवलं, तिनेच त्याच्या घरच्या भाषेवर संशय घेतला. ते काम प्रत्यक्षात पुढच्या शतकातल्या सरकारी शाळांनी आणि सक्तीच्या लष्करभरतीने केलं.

जर्मन बाजूला सुरुवात वेगळी होती, कारण तिथे राज्यच नव्हतं, होती ती डझनावारी संस्थानं. भाषा, लोकगीतं आणि रूढी यांतच लोकसमूहाचा आत्मा असतो, हा अठराव्या शतकातले जर्मन विचारवंत हर्डर यांचा विचार त्या पोकळीत रुजला. हर्डर स्वतः कुठल्याही एका लोकांना श्रेष्ठ मानत नव्हते. पुढे नेपोलियनच्या फौजा बर्लिनमध्ये असताना, 1807-08 च्या हिवाळ्यात, तत्त्वज्ञ फिख्टे यांनी जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्यानं दिली, तेव्हा त्या विचाराला पराभवाची धार चढली.

1882 मध्ये पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात फ्रेंच इतिहासकार अर्नेस्ट रेनाँ यांनी राष्ट्र म्हणजे रोज घेतलेलं सार्वमत, असं सांगितलं. हे वाक्य सगळे उद्धृत करतात. त्याच भाषणातला दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. राष्ट्र घडायला लोकांनी पुष्कळ काही विसरलेलं असावं लागतं आणि इतिहास थोडा चुकीचाच लक्षात ठेवलेला असावा लागतो, असं ते म्हणाले. इतिहासाच्या अभ्यासकाने हे म्हणावं, याला धाडस लागतं.

1871 पासून जर्मनीकडे असलेला अल्सेस आणि लॉरेनचा भाग 1918 मध्ये फ्रान्सकडे परत आला. आता रेनाँ आणि फ्युस्टेल यांचा सिद्धांत कसाला लागायची वेळ होती. फ्रान्सने तिथे सार्वमत घेतलंच नाही. उलट डिसेंबर 1918 पासून रहिवाशांना चार प्रकारची ओळखपत्रं वाटली. आईवडिलांचं मूळ फ्रान्सचं किंवा त्याच प्रांताचं असेल तर ‘ए’ कार्ड. दोघांपैकी एक परदेशी असेल तर ‘बी’. मित्रराष्ट्रांतून किंवा तटस्थ देशांतून आलेल्यांना ‘सी’. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या लोकांना ‘डी’, आणि त्यांची मुलं अल्सेसमध्येच जन्मलेली असली तरी त्यांनाही ‘डी’च. जर्मन पैसे बदलून घेताना कार्ड ‘ए’ असेल तर एका मार्कला सव्वा फ्रँक मिळे, ‘डी’वाल्याला त्याहून बराच कमी. एकाच घरात नवऱ्याचं कार्ड एक आणि बायकोचं दुसरं, असंही घडे. लाखाहून अधिक माणसं हाकलली गेली किंवा निघून गेली. इच्छेच्या बाजूने भांडलेल्या देशाने गणित शेवटी आजोबांच्या जन्मगावावरून मांडलं.

कायद्यांकडे पाहिलं तरी तेच दिसतं. परदेशी आईबापांच्या फ्रान्समध्ये जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या मुलांना 1889 च्या कायद्याने फ्रेंच केलं. त्यामागे बंधुभाव किती आणि लष्करभरती किती, हे तपासण्यासारखं आहे: परदेशी म्हणवून सैन्यातून सुटणाऱ्या शेजाऱ्याच्या पोरांवर लोक चिडलेले होते. जर्मनीने 1913 मध्ये वंशपरंपरेचं तत्त्व पक्कं केलं, तेव्हा परदेशी स्थायिक झालेल्या जर्मनांना हातचं न जाऊ देणं हा एक हेतू होता. दोन्हीकडे सरकारला माणसं हवी होती, फक्त वेगवेगळी.

ज्यांना हा प्रश्नच पडलेला नव्हता, त्यांची गंमत निराळी. पोलंडने 1931 च्या जनगणनेत लोकांना मातृभाषा विचारली. पोलेसियाच्या दलदलीच्या मुलखातल्या सुमारे सात लाख माणसांनी पोलिश, बेलारूशी, युक्रेनी यांतलं काहीच सांगितलं नाही. आम्ही इथले, आमची बोली इथली, एवढंच त्यांचं उत्तर नोंदलं गेलं. अल्पसंख्याकांचा आकडा कमी दिसावा म्हणून सरकारला हे सोयीचंच होतं, हेही खरं.

सगळ्यांत कठोर उत्तर स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये मिळालं. 30 जानेवारी 1923 च्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल केली. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसकडे (बहुतेक आधीच जीव मुठीत धरून पळालेले) आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानकडे. निकष एकच, धर्म. त्यामुळे अनातोलियातले करामानली लोक, जे तुर्की बोलत आणि तीच तुर्की ग्रीक लिपीत लिहीत, ते ‘ग्रीक’ म्हणून पाठवले गेले. क्रीटचे ग्रीक बोलणारे मुसलमान ‘तुर्क’ ठरून समुद्रापलीकडे आयवालिकला उतरले. दोन्हीकडच्यांना नव्या मायदेशात शेजाऱ्याशी बोलता येईना. कोणाला विचारलं गेलं नव्हतं, आणि तरी त्या काळच्या मुत्सद्द्यांना हा तोडगा शहाणपणाचा वाटला.

याच सुमारास कुठल्याच राष्ट्रात न मोडणारा माणूस मोठ्या संख्येने दिसू लागला. सोव्हिएत सरकारने 1921 मध्ये देश सोडून गेलेल्या लाखो लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. त्यांच्यासाठी राष्ट्रसंघाचे निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने 1922 मध्ये खास प्रवासपत्र निघालं. चित्रकार शागाल आणि संगीतकार स्त्राविन्स्की यांच्याकडेही ते होतं. नाझी जर्मनीने 1935 मध्ये ज्यूंचं नागरिकत्व पोकळ केलं आणि नोव्हेंबर 1941 च्या फर्मानाने देशाबाहेर असलेल्या ज्यूंचं उरलंसुरलंही काढलं. प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे, हे 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं पंधरावं कलम या अनुभवातून आलं. ते राष्ट्रीयत्व कोणत्या देशाने द्यायचं, हे मात्र कलमात नाही.

त्यानंतर भूमिका जवळपास उलटसुलट झाल्या. रक्ताच्या नात्याचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जर्मनीने 1 जानेवारी 2000 पासून परदेशी आईबापांच्या मुलांना, काही अटींवर, जन्मानेच नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. तुर्की कामगारांना बोलावण्याचा करार 1961 चा, म्हणजे याला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. जन्मभूमीचं तत्त्व, म्हणजे देशात जन्मला तो नागरिक, असं मानणारे देश तेवढ्यात मागे सरकत होते: ब्रिटन 1983 मध्ये, ऑस्ट्रेलिया 1986 मध्ये, भारत 1987 आणि पुन्हा 2004 मध्ये, आयर्लंड 2004 च्या सार्वमतानंतर.

म्यानमारच्या 1982 च्या नागरिकत्व कायद्यात तर 1823 पूर्वीपासून त्या भूमीत असलेले समूह हा आधार धरला आहे, म्हणजे इंग्रजांशी झालेल्या पहिल्या युद्धाच्या आदल्या वर्षाची रेघ. सरकारमान्य 135 समूहांच्या यादीत राखाइन प्रांतातले मुसलमान रोहिंग्या नाहीत. 2014 च्या जनगणनेत प्रगणक राखाइनमध्ये दारोदार गेले, तेव्हा स्वतःला ‘बंगाली’ म्हणवायला तयार असलेल्यांचीच नोंद झाली. ‘रोहिंग्या’ असं उत्तर आलं की प्रगणक अर्ज न भरता पुढच्या घराकडे वळत. अशा न मोजलेल्यांचा अंदाज सरकारी अहवालातच दिलेला आहे: सुमारे 10 लाख 90 हजार.