युरेनियम किती हे कळलं, पण कोणत्या रूपात?

पुण्यात उन्हाळा तापला, टँकरच्या फेऱ्या सुरू झाल्या, की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोअरच्या पाण्याचे मेसेज फिरू लागतात. यंदा आमच्या ग्रुपवर बोअरच्या पाण्यात युरेनियम असल्याचा आला. सोबत सल्ला: गायगर मीटर (किरणोत्सर्ग टकटक करून दाखवणारं यंत्र) नळाखाली धरा, टकटक वाढली तर पाणी पिऊ नका.

या सल्ल्यात काही अर्थ नाही. युरेनियम-238 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे 447 कोटी वर्षं, म्हणजे किरणोत्सर्ग अतिशय मंद. त्यातून बाहेर पडणारे अल्फा कण पाण्यात मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा ओलांडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे. पाण्यात त्याच्या दुप्पट युरेनियम असलं तरी मीटरची टकटक वाढणार नाही. इथे मुख्य धोका जड धातू म्हणून मूत्रपिंडांना आहे, किरणांचा नंतर. शिवाय आपल्या पायाखालचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, युरेनियमच्या बाबतीत गरीब. ग्रॅनाइटमध्ये ते कितीतरी जास्त असतं.

पण नुसतं ‘किती’ विचारून भागत नाही. ऑक्सिजन नसलेल्या खोल थरांत युरेनियम +4 अवस्थेत, म्हणजे चार इलेक्ट्रॉन गमावलेलं असतं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, खडकातच बसून राहतं. ऑक्सिजन मिळाला की ते +6 होतं आणि दोन ऑक्सिजन अणूंना घट्ट धरून ‘युरॅनिल’ आयन बनतो. त्यावर दोन धन प्रभार. चिकणमातीच्या आणि लोहाच्या ऑक्साइडच्या कणांना तो सहज चिकटतो, म्हणजे पुन्हा अडकतो.

खरी गंमत पुढे आहे. भूजलात कार्बोनेट असतं. प्रत्येकी दोन ऋण प्रभारांचे तीन कार्बोनेट युरॅनिलला येऊन मिळाले, की प्रभारांचा हिशोब +2 वजा 6, म्हणजे -4 होतो. पाणी जड असेल, आपल्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतं तसं, तर त्यात कॅल्शियमही भरपूर. दोन कॅल्शियम जोडले गेले की +4 आले आणि बेरीज शून्य! हा उदासीन रेणू मातीच्या कणांना फारसा चिकटत नाही, पाण्यासोबत लांबवर जातो. त्याचा छडा 1996 मध्ये जर्मनीत लागला, युरेनियम खाणीच्या टाकाऊ ढिगातून झिरपणाऱ्या पाण्यात. तोही प्रकाशावरून. लेझरचा क्षणिक झोत टाकला की युरॅनिल हिरवं चमकतं. मोकळ्या युरॅनिलची चमक एक-दोन मायक्रोसेकंद टिकते. कॅल्शियम-कार्बोनेटवाल्याची शंभर नॅनोसेकंदांच्या (मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागाच्या) आत विझते. चमक किती वेळ टिकली, यावरून रूप ओळखायचं. मला तर ही पद्धत फार देखणी वाटते.

मातीच्या नमुन्यासाठी क्ष-किरण लागतात. +4 आणि +6 अवस्थांत शोषणाची कडा, म्हणजे क्ष-किरण एकदम जास्त शोषले जाऊ लागतात ती ऊर्जा, 17 हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास जेमतेम तीन-चार इलेक्ट्रॉन व्होल्टने सरकते. एवढा बारीक फरक टिपायला सिंक्रोट्रॉन, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र हवं. आपल्याकडे ते इंदूरला आहे, इंडस-2. रूपाचा हा प्रश्न इतर किरणोत्सर्गी धातूंनाही आहे. प्लुटोनियम तर एकाच द्रावणात चार अवस्थांत एकदम सापडू शकतं. सीझियम उलट साधं, नेहमी +1, पण इलाइट नावाच्या खनिजाच्या थरांच्या कडांत शिरलं की सहसा सुटत नाही.

मोठी अडचण नमुना घेतानाच येते. धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात. एकूण युरेनियम मोजायला ते योग्यच. पण आम्ल पडताच कार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं आणि मूळ रूप मोडतं. बाटलीत हवा शिरली तरी +4 चं +6 होऊ लागतं. म्हणून रूप जाणून घ्यायचं असेल तर दुसरी, आम्ल न घातलेली बाटली हवा न ठेवता काठोकाठ भरून बंद करतात, आणि पीएच व विरघळलेला ऑक्सिजन बोअरपाशीच मोजतात. प्रयोगशाळेकडून युरेनियमच्या आकड्याबरोबर अल्कलिनिटी (यावरून कार्बोनेटचा अंदाज येतो) आणि कॅल्शियमही मागून घ्या. एवढे आकडे हाती असले की कोणतं रूप किती असेल, याचा बराचसा अंदाज संगणकावर गणित करून बांधता येतो.