हाताच्या शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवरील संयुक्त औषधोपचार

मनगट, कोपर, दंड किंवा कोपराखालच्या दोन हाडांचा अस्थिभंग, तुटलेल्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर), चिरडलेली बोटे अशा दुखापतींवर शस्त्रक्रिया झाली की हाताला सूज येते. ती उतरवण्यासाठी निरनिराळ्या मार्गांनी काम करणारी दोन किंवा अधिक औषधे एकाच काळात देणे, याला संयुक्त औषधोपचार म्हणतात. सूज साधारणपणे पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते, त्यामुळे या उपचाराचा भर त्याच दिवसांवर असतो.

हातावरची सूज किरकोळ समजू नये. बोटांचे सांधे लहान असतात आणि कंडरा अरुंद आवरणांतून सरकतात. साचलेल्या द्रवात प्रथिने असतात. तो आठवड्यांमागून आठवडे तसाच राहिला तर तंतू तयार होऊन ऊती एकमेकींना चिकटतात. हाड उत्तम जुळले, पण मूठ वळत नाही, असे पुष्कळदा याच कारणाने घडते. शिवाय फुगलेल्या त्वचेमुळे जखमेच्या कडा ताणल्या जातात आणि ती भरायला वेळ लागतो.

हाताला इजा दोनदा होते, आधी अपघातात आणि मग शस्त्रक्रियेत. दुखावलेल्या ऊतींतून हिस्टामीन, ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन ही रसायने सुटतात आणि केशवाहिन्यांच्या, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या, भिंती झिरपू लागतात. केशवाहिनीतून द्रव बाहेर ढकलणारा दाब आणि त्याला आत ओढून धरणारा प्रथिनांचा दाब यांचा मेळ ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला. दुखापतीत हे दोन्ही बिघडतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी दंडावर बांधलेला टूर्निकेट (आवळपट्टा) सोडल्यावर परतणारे रक्त दाहात भर घालते. त्यात हात प्लास्टरमध्ये स्थिर राहिला की स्नायूंच्या आकुंचनाने शिरांतील रक्त आणि लसिका (ऊतींतून परत वाहून नेला जाणारा द्रव) वर सरकण्याची क्रिया मंदावते.

सुजेची कारणे अशी अनेक असल्यामुळेच औषधे जोडण्याला अर्थ आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी दाहशामके प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. ॲस्पिरिनचे कार्य याच मार्गाने चालते हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड त्याच साखळीत आणखी वरच्या पायरीवर घाव घालते; ते बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळी एकदाच दिले जाते. मॅनिटॉल वेगळ्या रीतीने चालते. ते शिरेतून दिल्यावर रक्ताचा परासरण दाब वाढतो, ऊतींतील पाणी रक्तात ओढले जाते आणि लघवीवाटे बाहेर पडते. त्याचे २० टक्के द्रावण थंडीत स्फटिकरूप होते, म्हणून देण्याआधी बाटली तपासून, गरज पडल्यास कोमट करून घेतात. हॉर्स चेस्टनट झाडाच्या बियांतून मिळणारे एस्सिन केशवाहिन्यांची गळती कमी करते आणि शिरांचा ताण वाढवते. त्याचे सोडियम क्षार शिरेतून देण्याची पद्धत मुख्यतः चीनमध्ये रुजली असून, तेथे ते अस्थिभंगाच्या सुजेसाठी मॅनिटॉलबरोबरही वापरले जाते. एक औषध गळती आवरते आणि दुसरे साचलेले पाणी उपसते, असा या जोडीमागचा विचार आहे.

याउलट एकाच गटातील दोन दाहशामके एकत्र देण्यात काही हशील नाही. सूज तेवढीच राहते आणि जठरात रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. पॅरासिटामॉल दाहशामकाबरोबर दिल्यास वेदना अधिक चांगली आवरते, पण ते स्वतः सूज फारशी उतरवत नाही. ट्रिप्सिन, ब्रोमेलेन, सेराशिओपेप्टिडेज ही विकरे (एन्झाइम) गोळ्यांत मिसळून सर्रास लिहून दिली जातात, मात्र त्यांचा पुरावा कमकुवत आहे. सेराशिओपेप्टिडेज जपानमधील मूळ उत्पादकाने २०११ मध्ये स्वतःहून बाजारातून मागे घेतले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या उपचारात सर्वांत जास्त जपावे लागते ते मूत्रपिंडांना. दाहशामके मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवू शकतात, मॅनिटॉल मोठ्या मात्रेत मूत्रनलिकांना इजा करते आणि एस्सिनच्या इंजेक्शननंतरही मूत्रपिंड अचानक निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे सुजेवर वेगवेगळ्या वाटांनी जाणारी ही औषधे अपाय करताना एकाच अवयवावर येऊन मिळतात. म्हणून रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक), क्षार आणि लघवीचे प्रमाण पाहिल्याशिवाय ती एकत्र देऊ नयेत. वृद्ध, मधुमेही आणि शरीरातील पाणी कमी झालेल्या रुग्णांत तर तपासणीशिवाय मुळीच नाही. मॅनिटॉल शिरेबाहेर झिरपले तर त्याच हाताची सूज वाढते, तेव्हा सुई शक्यतो दुसऱ्या हाताला लावावी. स्टिरॉइडने रक्तातील साखर चढते.

औषधांचा उपयोग झाला की नाही हे नुसत्या नजरेने ठरत नाही. ठरलेल्या खुणेवर फीत लावून घेर मोजतात किंवा हात भरलेल्या पात्रात बुडवून बाहेर सांडलेले पाणी मोजतात, आणि निरोगी हाताशी तुलना करतात. या काळात हात हृदयाच्या पातळीहून उंच ठेवणे आणि मोकळी बोटे दर तासाला उघड-मीट करणे चालूच असावे लागते. त्याविना औषधांचा परिणाम अपुरा राहतो.

एका अवस्थेत मात्र औषधांवर विसंबून वेळ घालवणे घातक ठरते. या अवस्थेत, म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये, स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यातील दाब इतका वाढतो की रक्तपुरवठाच तुटू लागतो. औषधे देऊनही वाढत जाणारी वेदना आणि बोटे दुसऱ्याने सरळ केल्यावर उठणारी तीव्र कळ ही तिची आधीची लक्षणे होत. नाडी लागते म्हणून धोका नाही असे समजू नये. अशा वेळी प्लास्टर व पट्ट्या तत्काळ कापतात, हात उंच न ठेवता हृदयाच्या पातळीवर आणतात आणि दाब न उतरल्यास स्नायूंवरचे आवरण चिरून कप्पा मोकळा करतात. उशीर झाल्यास स्नायू मरून हात आखडतो. या व्यंगाचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये केले होते.