विमान वर जाऊन थांबलं तर अमेरिका खाली येईल का?

आमच्या साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिताना परवा एका आबांनी मला गाठलं. नातू दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला चाललाय. आबा म्हणाले, "पृथ्वी फिरतीयच की, मग विमानानं नुसतं वर जाऊन थांबायचं, अमेरिका आपोआप खाली येईल. डिझेल कशाला जाळायचं?"

प्रश्न भारी आहे राव. साताऱ्याची जमीन ताशी साधारण १,६०० किमीने पूर्वेकडे पळतीय, पण हवापण तिच्याबरोबरच पळतीय. धावत्या एसटीत नाणं उडवलं तर ते आपल्याच हातात पडतं ना, तसंच. हवा मागे राहिली असती तर अजिंक्यताऱ्यावर १,६०० च्या स्पीडचं वारं सुटलं असतं, किल्ला कधीच उडाला असता!

पण पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाला फायदा होतोच, फक्त आडवळणाने, आणि मला आवडतं ते हेच. विषुववृत्तावरची हवा ताशी १,६७० किमीने पूर्वेकडे जात असते, ती तापून वर चढते आणि ध्रुवाकडे सरकते, म्हणजे पृथ्वीच्या आसाच्या जवळ येते. फुगडी घालताना दोघी जवळ आल्या की गरका कसा वाढतो? तसंच या हवेचं होतं, याला कोनीय संवेग अक्षय्यता म्हणतात. नुसतं गणित केलं तर ३० अंश अक्षांशावर हा वारा जमिनीच्या तुलनेत ताशी ४८० किमीच्या आसपास यायला हवा, पण घर्षण आणि मोठमोठे भोवरे त्यातला बराच खातात, तरी १५०-२०० उरतोच, हिवाळ्यात जास्त कारण तेव्हा उत्तर-दक्षिण तापमानातला फरक वाढतो. हाच जेट स्ट्रीम, साधारण १० ते १२ किमी उंचीवर, म्हणजे बरोबर विमानांच्या वाटेत. ९०० च्या स्पीडचं विमान यात शिरलं की जमिनीच्या हिशोबाने १,०५० ने जातं, आणि तोंडावर वारा असेल तर ७५० ने.

आता दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरा, तो उत्तर ध्रुवाजवळून जातो, सुमारे १२,४०० किमी. तरी एअर इंडियाने २०१६ मध्ये हे विमान पॅसिफिकवरून, म्हणजे वाऱ्यासारखंच पूर्वेकडे, न्यायला सुरुवात केली, १५,३०० किमी, साडेचौदा तास. आधीच्या अटलांटिकच्या वाटेपेक्षा हजारभर किमी जास्तच, तरी वेळ कमी, कारण वारा पाठीशी.



आबांना सांगितलं की परतीचं विमानपण पूर्वेकडेच, अटलांटिकवरून दिल्लीला आणायचे, म्हणजे पृथ्वीला पूर्ण फेरी. आबांनी बशीतल्या चहात बोट फिरवून बघितलं. "प्रदक्षिणाच की. पण उलटी."