मर्सिडीज-बेन्झ ए-क्लास : नव्या पिढीचे मूल्यमापन

ए-क्लास ही मर्सिडीज-बेन्झची आलिशान वर्गातली पहिल्या पायरीची छोटी मोटार. १९९७ पासून तिच्या चार पिढ्या आल्या. या वर्गातल्या मोटारीचा आराखडा बदलला की उत्पादकापुढे एकच पेच असतो : नावाला शोभेल असा थाट द्यायचा आणि किंमतही आवाक्यात ठेवायची. म्हणून परीक्षकाचे पहिले काम म्हणजे पैसा कुठे दिसतो आणि कुठे वाचवला आहे, हे शोधणे.

रस्त्यावरच्या चाचणीचा धडा मात्र पहिल्या पिढीने महागात शिकवला. ३.५७ मीटर लांबीच्या त्या गाडीला दुहेरी तळ होता. समोरून धडक बसली तर इंजिन प्रवाशांच्या अंगावर न येता खाली सरकावे, ही कल्पना. तिच्यापायी गाडी उंच झाली आणि गुरुत्वमध्यही वर गेला. ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘टेक्निकेन्स वेर्ल्ड’ या स्वीडिश नियतकालिकाच्या ‘मूस चाचणी’त, म्हणजे रस्त्यात अचानक मोठे जनावर आल्यासारखे चुकवताना, ती उलटली. कंपनीने विक्री सुमारे तीन महिने थांबवली, सस्पेन्शन (चाकांचे दणके झेलणारी रचना) बदलले आणि सर्व गाड्यांत ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा, बसवली. छोट्या गाडीत ही यंत्रणा सर्रास मिळू लागण्यामागे या फजितीचा वाटा मोठा आहे.

आज ही चाचणी बहुधा आयएसओ ३८८८-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे घेतात. शंकू मांडून एकूण ६१ मीटरचा मार्ग आखतात. प्रवेशाची मार्गिका १२ मीटर लांब. तिची रुंदी गाडीच्या रुंदीच्या १.१ पट अधिक पाव मीटर. पुढच्या १३.५ मीटरमध्ये बाजूला वळायचे, ११ मीटर सरळ जायचे आणि १२.५ मीटरमध्ये परत मूळ बाजूला यायचे; उरलेले १२ मीटर बाहेर पडण्याचे. बाजूची मार्गिका गाडीपेक्षा फक्त १ मीटर रुंद असते. चौथ्या पिढीच्या ए-क्लासची रुंदी सुमारे १.८० मीटर असल्याने तिला तेथे २.८० मीटर जागा मिळते. प्रवेशाच्या मार्गिकेत शिरून २ मीटर झाले की ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेकला पाय लावायचा नाही. शंकू पडेपर्यंत दर फेरीला वेग थोडा वाढवत नेतात. चालक एकटा असताना सरळ निघणारी गाडी चार माणसे आणि सामान भरल्यावर डगमगू शकते, कारण वाढलेले वजन बहुतेक मागच्या चाकांवर येते.

२०१२ च्या तिसऱ्या पिढीत उंच बांधा गेला आणि ए-क्लास बसकी हॅचबॅक झाली. २०१८ च्या चौथ्या पिढीत चाकांमधले अंतर २७२९ मिमी झाले आणि एमबीयूएक्स ही आवाजी आज्ञा ओळखणारी प्रणाली आली. त्याच वर्षी गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने तिला पाच तारे दिले. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत ९६ टक्के गुण.

परीक्षणे वाचताना सर्वाधिक फसगत मागच्या सस्पेन्शनबाबत होते. युरोपात या पिढीच्या कमी शक्तीच्या मॉडेलांना टॉर्शन बीम असतो, तर अधिक शक्तीच्या आणि चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या मॉडेलांना मल्टी-लिंक, म्हणजे प्रत्येक चाकाला अनेक दांड्यांनी स्वतंत्र धरणारी रचना. पत्रकारांच्या हाती येते ती सहसा महागडी गाडी. गिऱ्हाईक घेतो ती साधी. मागून खाली वाकून पाहावे : दोन्ही चाकांना जोडणारी जाड आडवी तुळई दिसली की तो टॉर्शन बीम. एका चाकाला बसलेला दणका त्यातून दुसऱ्यापर्यंत पोचतो, त्यामुळे खड्ड्यांच्या वळणावर मागचा भाग बाजूला उडी मारल्यासारखा सरकतो. बीम हलका, स्वस्त आणि कमी जागा घेणारा असतो, तेव्हा तो असणे हा काही गुन्हा नव्हे; पण मल्टी-लिंकवरची स्तुती त्याच्या खात्यावर मांडू नये.

ए २०० या मॉडेलचे १३३२ सीसी टर्बो इंजिन रेनो-निस्सानबरोबर विकसित झाले. त्यात १६३ अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आहे. भार कमी असताना १२५० ते ३८०० आरपीएम (मिनिटाला फेरे) दरम्यान त्याचे दोन सिलिंडर आपोआप बंद ठेवले जाऊ शकतात. ६० ते ८० किमी वेग स्थिर ठेवून त्या वेळी पायाखाली थरथर येते का, ते पाहावे. सात गिअरचा ड्युअल-क्लच, म्हणजे दोन क्लचनी आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, मोकळ्या रस्त्यावर कुणालाही आवडेल. त्याची परीक्षा घ्यायची ती ट्रॅफिकमध्ये : ब्रेक हळूहळू सोडत रांगताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्का बसतो का, आणि चढावर गाडी मागे येते का.

आत बसल्यावर नजर पडद्यांवर खिळते, आणि तशी ती खिळावी म्हणूनच ते तिथे असतात. हात मात्र दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर, कप्प्यांच्या कडांवर आणि सीटच्या रुळांजवळ फिरवावा. कडक, पोकळ वाजणारे प्लास्टिक तिथेच सापडते. पुढची सीट आपल्या उंचीला लावून तिच्याच मागे बसावे. गुडघ्यांना जागा मिळाली तरी मांड्या अधांतरी राहतात का आणि उतरताना डोके छताच्या उताराला लागते का, हेही पाहावे. डिकी लिटरमध्ये न मोजता प्रत्यक्ष बॅग ठेवून पाहावी. सेडानच्या डिकीचे तोंड अरुंद असते.

भारतात या पिढीची सेडान ‘ए-क्लास लिमोझिन’ मार्च २०२१ मध्ये आली. तिची जुळणी पुण्याजवळ चाकणला होते. तेव्हा ए २०० ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ३९.९० लाख रुपये होती. तिच्यावर रस्ता कर, विमा आणि निवडलेल्या सोयी चढतात. तुलना करायची तर त्या अंतिम आकड्यांची करावी. स्पीडब्रेकरची चाचणी मागे तिघे बसवूनच घ्यावी, कारण कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स (रस्ता आणि गाडीचा तळ यांतले अंतर) रिकाम्या गाडीचा असू शकतो.