प्रोजेस्टेरॉन सुरू करताना : आमच्याकडून औषध नेणाऱ्यांसाठी माहिती

बीज सुटल्यावर अंडाशयात मागे राहिलेल्या पुटकाचा (बीज ज्यात वाढते त्या पिशवीचा) पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतो. गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्याजोगे होते ते त्यामुळेच. इथून पाळी येईपर्यंतचा काळ म्हणजे ल्युटिअल फेज, साधारण १२ ते १४ दिवसांचा. तो १० दिवसांत आटोपत असेल तर लक्ष द्यावे लागते. पण निव्वळ या एका कारणाने मूल राहत नाही, असे सिद्ध झालेले नाही. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) आधी तपासून घ्या.

प्रोजेस्टेरॉनची तपासणी २१व्या दिवशी करा, असे सरसकट सांगितले जाते. ते २८ दिवसांच्या पाळीपुरतेच खरे. पाळी ३५ दिवसांची असेल तर २८वा दिवस धरा. आकडा मिलिलिटरमागे ३ नॅनोग्रॅमच्या वर असला की बीज सुटले, एवढेच कळते. हे संप्रेरक लाटांनी स्रवते, काही तासांतच आकडा बराच खाली-वर होतो. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका.

सर्वाधिक गडबड होते ती औषध सुरू करण्याच्या दिवसात. तारीख बघून, बीज सुटण्याआधीच प्रोजेस्टेरॉन घेतले तर बीज सुटणेच अडू शकते. म्हणून बीज सुटल्याची सोनोग्राफीने खात्री करून किंवा लघवीच्या किटने बीज कधी सुटेल याचा अंदाज घेऊन, डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून घ्या. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात ते बीज काढल्यानंतर सुरू होते. तिथे इतर औषधांनी पीतपिंड कमजोर पडतो, त्यामुळे प्रोजेस्टेरॉनच्या या आधाराचा उपयोगही तिथेच सर्वात स्पष्ट दिसतो.

योनीमार्गातून घ्यायची कॅप्सूल बहुधा २०० मिलिग्रॅमची, दिवसातून दोन-तीनदा; जेल ९० मिलिग्रॅम, एकदा; डायड्रोजेस्टेरॉनची (प्रोजेस्टेरॉनसारख्या कृत्रिम औषधाची) गोळी १० मिलिग्रॅम, दोन-तीनदा, तोंडाने. तुमचा डोस चिठ्ठीवरचाच. हात धुऊन कॅप्सूल आत सरकवा, थोडा वेळ पडून राहा, पॅड वापरा. नंतर पांढरे बाहेर येते ते बहुतेक औषधाचे वाहक द्रव्य असते. दुसरी कॅप्सूल घालू नका. तोंडाने घेतलेल्या कॅप्सूलने झोप येते, चक्कर येते, म्हणून ती रात्रीच. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असते. ॲलर्जी असेल तर विकत घेण्याआधी आम्हाला सांगा.

औषध चालू असताना पाळी लांबते, त्यावरून दिवस गेले असे समजू नका. बीज सुटल्यापासून १४ दिवसांनी चाचणी करा. बीज सुटण्यासाठी एचसीजीचे (चाचणीत जे दिसते त्या गर्भधारणेच्या संप्रेरकाचे) इंजेक्शन घेतले असेल तर १४ दिवसांआधी केलेली चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. निगेटिव्ह आली तर डॉक्टरांना विचारून औषध थांबवा, पाळी सहसा काही दिवसांत येते. पॉझिटिव्ह आली तर मनाने बंद करू नका. जोराचा रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, पायाला सूज किंवा छातीत दुखणे असेल तर लगेच रुग्णालय गाठा.