‘त्रेपन्न’चे सिमेंट : एका आकड्याची पार्श्वभूमी

स्लॅब भरून चार दिवस झाले नाहीत तोच वर भेगा दिसल्या, की घरमालक मिस्त्रीला पहिला प्रश्न विचारतो तो सिमेंटचा. “त्रेपन्न घेतलं होतं ना?” त्रेपन्न म्हणजे पोत्यावर ५३ ग्रेड असा ताकदीचा आकडा छापलेले सिमेंट. उत्तर ‘हो’ आले तर मालक गोंधळतो, आणि ‘नाही, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) होतं’ असे आले तर त्याला गुन्हेगार सापडल्यासारखे वाटते. दोन्ही वेळा भेगांचे कारण बहुधा दुसरीकडेच असते. तरीही हा आकडा आपल्या बोलण्यात इतका खोल का रुजला, हे समजायला चाळीसेक वर्षे मागे जावे लागते.

त्याच्याही आधीचे थोडक्यात. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका गवंड्याने घेतले. भारतात पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे वाडे आणि पूल तोवर घाण्यात मळलेल्या चुन्यात बांधले जात होते, आणि गावोगावी तो चुना पुढेही बरीच वर्षे टिकला.

खरी गोष्ट टंचाईच्या काळापासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धापासून सिमेंटची किंमत आणि वाटप कमी-अधिक काळ सरकारच्या हाती होते. घर बांधायचे तर परमिट हवे. याच वाटपाच्या वादात १९८२ च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढच्याच महिन्यात नियंत्रण अर्धवट उठले आणि मार्च १९८९ मध्ये पूर्ण गेले. त्या काळी मिळणारे बहुतेक सिमेंट आज ज्याला ३३ ग्रेड म्हणतात त्या जातीचे होते. दळण जाडसर, त्यामुळे ताकद हळूहळू चढायची, पण महिनोन्महिने चढत राहायची. स्लॅबखालचे सेंट्रिंग (साच्याचा तात्पुरता आधार) एकवीस दिवस काढायचे नाही, वर आळी करून पाणी साठवायचे, खांबांना ओले गोणपाट गुंडाळायचे, ही रीत त्या संथ सिमेंटने घालून दिली होती.

नियंत्रण सैल होत असतानाच ग्रेड आली. जास्त ताकदीच्या सिमेंटचे एक मानक १९७६ पासून होते. त्यालाच पुढे ४३ ग्रेड हे नाव मिळाले. ५३ ग्रेडचे मानक १९८७ चे. प्रीस्ट्रेस्ड गर्डर, रेल्वेचे स्लीपर, उंच इमारती अशा कामांत साचा लवकर मोकळा व्हावा लागतो, तिथे हे सिमेंट योग्यच होते. मात्र खुल्या बाजारात गिऱ्हाईक पहिल्यांदाच निवडू शकत होते, आणि निवडायला त्याच्या हाती पोत्यावरचा आकडा तेवढा होता. तेहेतीसपेक्षा त्रेपन्न मोठा. बघता बघता दोन खोल्यांच्या घरालाही ‘त्रेपन्नच पाहिजे’ झाले आणि ३३ ग्रेड दुकानांतून जवळजवळ दिसेनाशी झाली.

आता हा आकडा मोजतो काय? एक भाग सिमेंट आणि तीन भाग ठरावीक प्रमाणित वाळू यांचा ७०.६ मिमी बाजूचा ठोकळा करतात, २८ दिवस पाण्यात ठेवतात आणि दाबून फोडतात. दर चौरस मिलिमीटरला तो निदान ५३ न्यूटन दाब सोसला पाहिजे. बस्स. या ठोकळ्यात खडी नाही, नदीची माती मिसळलेली वाळू नाही, मिक्सरमध्ये अंदाजाने ओतलेली पाण्याची बादली नाही. काँक्रीटची प्रत निराळ्या मापाने ठरते. एम २० म्हणजे १५० मिमीचा काँक्रीटचा ठोकळा, २८ दिवसांनी २० न्यूटन, आणि शंभरातले पाचाहून जास्त नमुने त्याखाली जाऊ नयेत अशी अपेक्षा. दोन्हीकडे २८ दिवस, दोन्हीकडे न्यूटन, दोन्हीला ‘ग्रेड’ हाच शब्द. त्यामुळे ‘त्रेपन्नचे काँक्रीट’ असा शब्दप्रयोग साइटवर सर्रास होतो, आणि त्याला काहीच अर्थ नाही. त्रेपन्नच्या सिमेंटमध्ये पाणी वाढवत गेले तर एम १५ सुद्धा हाती लागत नाही.

पाण्याचा हिशेब साधा आहे. सिमेंटशी रासायनिक संयोग व्हायला ५० किलोच्या पोत्याला साधारण साडेअकरा लिटर पाणी लागते. माल कालवता यावा, गजांच्या जाळीतून खाली उतरावा म्हणून त्याहून जास्त घालावेच लागते. सिमेंट, वाळू, खडी ठरीव प्रमाणात घेतलेल्या एम २० साठी काँक्रीटकामाच्या भारतीय संहितेने पोत्याला ३० लिटरची कमाल मर्यादा दिली आहे. संयोगात न लागलेले पाणी उडून जाते आणि आपल्या जागी बारीक नळ्या, पोकळ्या सोडून जाते. काँक्रीट वाळून घट्ट होते, हा समज म्हणूनच घातक आहे. ते पाण्यामुळे घट्ट होते, पाण्याखाली बुडवून ठेवले तरी होते. वाळते तेव्हा ते आक्रसते, आणि ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या सुमारे एक दशांशच असल्याने ते तडकते.

त्रेपन्नबद्दलचा वाद इथे सुरू होतो आणि तो अजून मिटलेला नाही. बारीक दळलेले हे सिमेंट पहिल्या तीन दिवसांत २७ न्यूटन गाठते. ३३ ग्रेडला तेवढ्यात १६ पुरतात. टीकाकारांचे म्हणणे असे : ठोकळा लवकर पास होऊ लागल्यावर कमी सिमेंट आणि जास्त पाणी घालूनही तीच ताकद कागदावर दाखवता आली. सुरुवातीची उष्णता वाढली, आणि नंतर वर्षानुवर्षे वाढणारी शिल्लक ताकद घटली. बाजू घेणारे म्हणतात, दोष सिमेंटचा नाही, वापरणाऱ्याचा. माझ्या मते टीकेत जास्त तथ्य आहे. नवे सिमेंट आले तसे साइटचे वेळापत्रकही बदलले. सेंट्रिंग लवकर उतरू लागले, आणि त्याच्यासोबत पाणी मारण्याचे दिवसही गेले. पहिल्या गोष्टीला सिमेंटने परवानगी दिली होती, दुसरीला मुळीच नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न तोवर ऐरणीवर आला होता. जुलै १९८६ मध्ये पणजीजवळचा मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा तो बांधून जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. खाऱ्या हवेत आतले पोलाद गंजले की फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून फोडते. ताज्या काँक्रीटचा अल्कधर्म गजाला जपतो, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड पोकळ्यांतून आत शिरत तो धर्म मोडत जातो. २००० च्या सुधारित संहितेने आरसीसीची (गज घातलेल्या काँक्रीटची) किमान प्रत एम १५ वरून एम २० केली. पर्यावरण जितके कठोर, तितके सिमेंट जास्त, पाणी कमी आणि गजावरचे कव्हर (काँक्रीटचा थर) जाड, असा तक्ता दिला. पर्यावरणाच्या ‘तीव्र’ गटात किमान ३२० किलो सिमेंट, एम ३० आणि ४५ मिमी कव्हर लागते. पोत्यावरची ग्रेड या तक्त्यात कुठेही नाही.

याच सुमारास राख आली. औष्णिक वीज केंद्रांतल्या राखेचे डोंगर कमी व्हावेत म्हणून १९९९ मध्ये केंद्राने ती वापरण्याची सक्ती करणारी अधिसूचना काढली. चंद्रपूर, कोराडी, परळी, एकलहरे अशी केंद्रे असलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न दारातलाच होता. पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख असते. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो चुना सुटतो, त्याला ही राख धरते आणि नवा बंध तयार होतो. पोकळ्या भरतात, उष्णता कमी निघते. गळक्या गच्च्यांच्या आणि गंजक्या गजांच्या आपल्या प्रदेशाला असेच सिमेंट हवे होते.

पण पीपीसीच्या पोत्यावर ग्रेड नसते. मानकाने तिच्याकडून २८ दिवसांना किमान ३३ न्यूटनच मागितले आहेत. गिऱ्हाइकाने त्याचा अर्थ ‘राख मिसळलेले हलके सिमेंट’ असा लावला. ‘स्लॅबला त्रेपन्न, गिलाव्याला पीपीसी’ ही वाटणी तिथून पडली. सरकारी बांधकाम खातीही आरसीसीत पीपीसी वापरायला बराच काळ कचरत होती.

राखेची क्रिया संथ असते आणि तोवर ओल टिकावी लागते. साध्या सिमेंटला संहिता किमान ७ दिवस पाणी सांगते, पीपीसीला १०. कोरड्या उष्ण हवेत हेच आकडे १० आणि १४ होतात. जळगाव किंवा अकोल्याच्या मे महिन्यात चौदा दिवस स्लॅब ओला ठेवायचा म्हणजे टँकरचा खर्च, आणि त्रेपन्नच्या वेगाला सरावलेला ठेकेदार तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पुढच्या कामाला लागलेला असतो. मग भेगा पडतात, आणि बदनाम पीपीसी होते.

२०१५ मध्ये ३३, ४३ आणि ५३ या तिन्ही ग्रेड एकाच मानकाखाली आल्या. आकडा मात्र पोत्यावर तसाच छापला जातो.